जीपच्या कापडी दरवाजातून येणारे पाणी आणि वारा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची एमएम ५४० जीप आहे. तिला कॅनव्हासचा हुड असून दरवाजे लोखंडी नळीच्या चौकटीवर शिवलेले आहेत. पावसाळ्यात महू ओलांडून जानापावकडे निघालो, की माझा उजवा गुडघा हमखास भिजतो आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला, की दरवाजाचा वरचा मागचा कोपरा फडफडू लागतो. दरवाजाच्या कडेचे रबर दोनदा बदलले. दुसऱ्या वेळी जाड घेतले, तर आता दरवाजा लावायलाही जोर करावा लागतो. काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : जाड रबर लावूनही पाणी येत असेल, तर आधी दरवाजाची चौकट तपासायला हवी. गाडी वेगात असताना बाहेरून सरकणाऱ्या हवेमुळे तिथला दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि कापडी दरवाजा बाहेर ओढला जातो. कडी आणि बिजागऱ्या खालच्या अंगाला असल्यामुळे वरच्या मागच्या कोपऱ्याला कशाचाच आधार नसतो, म्हणून तो सर्वांत आधी सुटतो. जाड रबराने बिजागरीजवळची बाजू उलट जास्त रेटली जाते आणि हा कोपरा आणखी दूर जातो.

वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची पट्टी कडेवर धरून दरवाजा लावा आणि पट्टी हळूच ओढून पाहा. ती अडखळत, किंचित चुरगळत बाहेर आली, तर तिथे दाब ठीक आहे. सुळकन निघाली, तर तिथे फट आहे. असे हातभर अंतरावर सगळीकडे तपासून खडूने खुणा करा. त्यानंतर कडीजवळ दरवाजा आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा ठेवून, वरचा कोपरा दोन्ही हातांनी थोडाथोडा आत वाकवावा. मोकळ्या दरवाजाचा हा कोपरा हुडाच्या कडेपेक्षा सेंटीमीटरभर आत झुकलेला असला, की बंद केल्यावर तो स्वतःच्या ताणाने टेकून राहतो. घाई मात्र करू नये, कारण जुनी नळी जोडाच्या ठिकाणी गंजलेली असेल तर तिथेच तडकते.

रबर यानंतर घ्यावे. ईपीडीएम या ऊन-पावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराची पोकळ, फुगीर पट्टी (बीडिंग) उत्तम. दरवाजा लावल्यावर ती साधारण एक तृतीयांश दबावी. साधा स्पंज लावू नये, तो पाणी पितो आणि त्याखालचा पत्रा सडतो.

गुडघा भिजण्याचे कारण बहुधा खालची कडा आहे. आपल्या माळव्यातल्या जुन्या घरांवर वरचे कवेलू खालच्यावर चढलेले असते, तशीच दरवाजाची खालची झालर पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने उतरली पाहिजे. ती आत दुमडली गेली असेल, तर कापडावरून ओघळलेले सगळे पाणी थेट आपल्या पायावर येते. शिवणीही पाहा : सुयांच्या भोकांतून पाणी झिरपत असेल, तर कापड कोरडे असताना आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोके बुजवणारे द्रव्य, लावावे. चेनवर बाहेरून झाकणपट्टी शिवून घ्यावी. एवढे झाल्यावर एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीने खालून वर पाणी मारत जावे, म्हणजे पाणी नेमके कुठून शिरते ते दिसते. तळातली पाणी निघण्याची भोके मात्र कधीही बुजवू नयेत.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पुढचे दरवाजे घट्ट बसवून मागचा पडदा उघडा ठेवून गाडी चालवू नये. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : कापडी दरवाजाची प्लास्टिकची खिडकी धुरकट झाली असून घडीवर चिरली आहे. ती पुसायला काय वापरावे?
– एक वाचक, राऊ

उत्तर : चिरलेली खिडकी बदलावीच लागेल. नव्या खिडकीला थिनर, स्पिरिट किंवा रॉकेल लावू नये आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसू नये, कारण धुळीचेच ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी ओतून, मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने ती धुवावी. उन्हाने हे प्लास्टिक पिवळे पडते आणि थंडीत कडक होते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते दुमडू नये. दरवाजे काढून ठेवायचे झाल्यास मध्ये जुने धोतर घालून सावलीत आडवे ठेवावेत.