पहिला प्रोजेक्ट घेताय ना सर?

सर, पहिल्यांदा दोन आठवड्याचाच घ्या, अन् घरून थर्माकोलचं मॉडेल करून आणणं म्हणजे प्रोजेक्ट नव्हे बरं का. प्रश्न पोरांच्या जगण्यातला पाहिजे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मग आपल्या शाळेच्या पत्र्यावरून पावसाचं किती लिटर पाणी साठवता येईल हे पोरांनाच काढू द्या ना. वर चढायचं नाही, पत्र्याखालची जागा टेपनं मोजायची, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, क्षेत्रफळ घनफळ सगळं त्यातच येतंय. गट तुम्हीच पाडा, नाहीतर एकच हुशार पोरगी लिहीत बसते. मार्क चार्टला कमी, रोजच्या कच्च्या वहीला जास्त. अन् आकडे सरपंचांसमोर पोरांनीच मांडायचे, तारीख आधीच घेऊन ठेवा.