सेल्फ मारतो, पण गाडी चालू होत नाही

प्रश्न: दादा नमस्कार, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, कंपनी फिटेड सीएनजी. गाडी कायम गॅसवरच पळते, पेट्रोल मी शंभर-दोनशेचंच टाकतो. मागच्या आठवड्यात सकाळी ऑफिसला निघालो तर सेल्फ व्यवस्थित फिरतोय पण इंजिन काही पकडेना. सोसायटीतल्या पोरांनी धक्कापण मारला, काही उपयोग नाही. गॅरेजवाले येऊन बघून गेले, म्हणतात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, १८ हजार लागतील. स्कॅनर वगैरे काही लावला नाही त्यांनी. करून टाकू का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: नका करू. निदान स्कॅनर (ईसीएमला जोडून बिघाड वाचायचं मशीन) लावल्याशिवाय तर अजिबात नका. ईसीएम जातो, नाही असं नाही, पण पाण्यात बुडालेली गाडी, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग किंवा जम्पस्टार्ट करताना उलट्या लावलेल्या केबल असं काहीतरी कारण बहुतेक वेळा मागे असतं. चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा लाइट लागतोय आणि स्कॅनर कनेक्ट होतोय, तर ईसीएम जिवंत आहे असं धरून चालायचं आणि आधी बाकीचं सगळं तपासायचं. लाइटच लागत नसेल तरी आधी ईसीएमचा फ्यूज आणि मेन रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) बघायचा, त्यानंतर ईसीएमचं नाव काढायचं.

आता तुमच्या पत्रातच एक मोठी खूण आहे, शंभर-दोनशेचं पेट्रोल. तुमच्या वर्षाच्या बहुतेक कंपनी फिटेड सीएनजी गाड्या स्टार्ट पेट्रोलवर होतात आणि मग आपोआप गॅसवर जातात (टाटाने २०२२ मध्ये आणलेल्या आयसीएनजी गाड्या डायरेक्ट गॅसवर स्टार्ट होतात, ती गोष्ट वेगळी). म्हणजे गाडी दिवसभर गॅसवर पळत असली तरी सकाळी पेट्रोल लागतंच. आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, त्याला थंड ठेवायचं काम तेच पेट्रोल करतं. टाकी महिनोन्महिने तळाला राहिली की पंप अर्धा कोरडा चालतो, गरम होतो, तळाचा गाळ ओढतो आणि एक दिवस बसतो. सीएनजी गाड्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहे, हे कळलं की पुढचा संशय मी तरी पंपावरच घेतो.

तपासणी घरीच करा. मागची सीट उचला किंवा तिथे कान लावून एकाला बसवा, काचा बंद, एसीचा ब्लोअर बंद, आणि चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. दोनेक सेकंद घूंऽऽ असा बारीक आवाज येऊन थांबला पाहिजे. आला तर पंप निदान फिरतोय. नाही आला तर पंपाचा फ्यूज बघा, मग रिले काढून त्याच नंबरचा दुसरा रिले (बऱ्याचदा हॉर्नचा तोच असतो) तिथे बसवून बघा. तरी शांतता असेल तर इलेक्ट्रिशियनला पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावायला सांगा: चावी ऑन केल्यावर लॅम्प क्षणभर लागतोय आणि पंप गप्प, म्हणजे पंप गेला. लॅम्पच लागत नाही तर वायरिंग किंवा अर्थिंग, पंप बदलून काही होणार नाही. एक जुनी युक्ती पण आहे, एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं, अडकलेला पंप कधीकधी एवढ्यावर जागा होतो. झाला तर गाडी थेट गॅरेजला न्या, तो पुन्हा बसणारच आहे.

याहून भारी टेस्ट म्हणजे गाडी गॅसवर स्टार्ट करून बघणं. बाहेरून बसवलेल्या पुष्कळ सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा स्विच दाबून धरून चावी ऑन केली की इमर्जन्सी गॅस स्टार्ट मिळतो, तुमच्या कंपनी फिटेड गाडीत तशी सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. गॅसवर इंजिन पकडलं, तर स्पार्क ठीक, कॉम्प्रेशन ठीक, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) ठीक, आणि इंजिनचा ईसीएमपण काम करतोय. दोष पेट्रोलच्या लाइनमध्ये आहे हे १८ हजार न घालवता सिद्ध झालं. मात्र गॅसचा वास येत असेल तर हे काही करू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किटवाल्याला बोलवा.

पंपाचा आवाज येतोय आणि तरी गाडी चालू नाही, तर मीटरवर चावीचं चित्र लुकलुकतंय का बघा, म्हणजे इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या (सगळ्या गाड्यांचा काटा तेवढा हलत नाही, म्हणून स्कॅनरवर खात्री करा). दोन्ही ठीक असेल तर फ्युएल प्रेशर गेज लावायला सांगा, पुष्कळ पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार प्रेशर लागतं, फिरणारा पंपपण कमकुवत असू शकतो. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुसाट फिरतोय असं वाटलं तर लगेच थांबा, टायमिंगचा बेल्ट किंवा चेन गेली असेल तर प्रत्येक सेल्फला व्हॉल्व्ह वाकायचा धोका आहे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा. धक्का तर नकोच. सेल्फ नीट फिरतोय तिथे धक्का काही वेगळं देत नाही, उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब करतं. नवीन पंप बसवताना टाकी साफ करून घ्या, स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) बदला, आणि यापुढे पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, महिन्यातून थोडी गाडी पेट्रोलवर पळवून ते संपवत जा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पेट्रोल वर्षभर पडून राहणं बरं नाही.

प्रश्न: डिझेल पिकअप रस्त्यात डिझेल संपून बंद पडली. कॅनमधून दहा लिटर टाकलं तरी स्टार्ट होत नव्हती, शेवटी टोचन करून आणली. असं का? – एक शेतकरी वाचक, नांदेड

उत्तर: गाडीने एअर घेतली. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा शिरते आणि हवा दाबली जाते, त्यामुळे इंजेक्टरला लागणारं प्रेशर तयार होत नाही. डिझेल फिल्टरजवळ रबरी फुगा किंवा दाबायचा प्लंजर असतो, तो कडक लागेपर्यंत दाबत राहायचा, मग सेल्फ. फुगा नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करायची, दर वेळी थोडं थांबून. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल जातं ती) इंजेक्टरचे पाइप ढिले करून हवा काढायला कुणालाही देऊ नका, तिथलं प्रेशर १,००० बारच्या पुढे जातं आणि त्या डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. फुगा दाबून कडकच होत नसेल तर टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या पाइपला कुठेतरी चीर असू शकते, आधी ती शोधा.