मराठी शाळेतून आलेल्या मुलीला नववीत इंग्रजी साहित्य कसं जमेल? गाईड की ट्यूशन?

तुम्ही लिहिलंय, लेक चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता नववीत आहे, व्याकरण ठीक, पण कविता-नाटकावरचे मोठे प्रश्न आणि निबंध आले की पान कोरं. गाईड घेऊ की ट्यूशन लावू? आणि जाता जाता हेही लिहिलंय की नणंद म्हणते, "मराठीत घातलीत तिथंच चुकलं." खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे.

गाईड घेऊ नका. ट्यूशनवाले तेच गाईड वाचून दाखवतात आणि वर फी घेतात.

मीही त्याच वाटेने आले. चौथीपर्यंत मराठी, पाचवीत एकदम सगळं इंग्रजीतून, इतिहासाच्या बाई काय सांगतात ते कळायला लागेपर्यंत दिवाळी यायची. तरी साहित्य मला जड गेलं नाही, कारण बाबा गावच्या जत्रेचं नाटक बसवायचे आणि मी प्रॉम्प्टर. देवळाच्या मंडपात रात्री तालीम. कुणी नक्कल घडाघडा पाठ करून आला की बाबा त्याला मध्येच थांबवायचे. "हे तो आत्ताच का बोलतो? मघाशी का नाही बोलला?" आमचा खलनायक एरवी रस-ऑम्लेटचा गाडा लावायचा. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मघाशी दार उघडं होतं. आता बंद आहे." बाबा म्हणाले, "मग म्हणताना दाराकडे बघ." पुढे मी इंग्रजीत एम.ए. केलं. तिथे जे शिकले ते बरंचसं यातच आलं होतं.

दहावीला आम्हाला शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला खटल्याचा प्रवेश होता. सावकार शायलॉककडून तीन हजार डकॅटचं (सोन्याच्या नाण्यांचं) कर्ज, फिटलं नाही तर जामीन राहिलेल्या अँटोनियोच्या अंगाचं पौंडभर मांस, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याला वाचवायला वकिलाच्या वेषात येते ती पोर्शिया. सरांनी फळ्यावर तिचा स्वभाव लिहून दिला: हुशार, दयाळू, हजरजबाबी, प्रत्येक गुणाखाली दोन ओळी. वर्गात जितक्या वह्या तितक्या वेळा तीच पोर्शिया. माझ्या डोक्यात बाबांचा प्रश्न. मांस घे पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये, हा मुद्दा तिच्याकडे आहे, मग तो ती इतक्या उशिरा का काढते? आधी दयेवर भाषण करते, तिप्पट पैसे मिळतायत ते घे म्हणते, तराजू आहे का विचारते, जखम बांधायला वैद्य बोलावून ठेव म्हणते. शायलॉक काही ऐकत नाही. म्हणजे एक तर ती त्याला सुटायची संधी देतेय, नाहीतर भर कोर्टात त्याच्याच तोंडून त्याला पुरता अडकवतेय. मी दुसरं लिहिलं.

उतारा शायलॉक हरतो तिथे संपायचा. पुढे काय झालं म्हणून मी वाचनालयातून अख्खं नाटक आणलं. अर्धं डोक्यावरून गेलं, पण एवढं कळलं की त्याला जीवदान मिळतं आणि मग अँटोनियो अट घालतो, याने ख्रिस्ती व्हायचं. दयेवर एवढं बोललेली पोर्शिया त्यावर फक्त विचारते, मान्य आहे ना? गोव्यात फोंडा महालातल्या पोरीला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. पोर्तुगीजांच्या बाटवाबाटवीत मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे आमच्याकडे आली, ती देवळं हलली त्याच शतकात. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० साली बसलं, शेक्सपिअर जन्मला १५६४ साली. हे सगळं मी उत्तरात घातलं. पाचापैकी दीड गुण, आणि लाल शाईत 'नोट्सप्रमाणे लिही'.

तो पेपर काकांच्या हाती लागला. "मराठी शाळेचा परिणाम. इंग्रजी येत नाही म्हणून मनाचं लिहिते." त्यांची मुलं पहिल्यापासून इंग्रजीत. २०११ साली गोवा सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देऊ केलं तेव्हा तर आपल्याच बाजूने निकाल लागल्यासारखे ते आठवडाभर खूश होते. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, की माझी क्रियापदं चुकली होती, आणि क्रियापदं वर्षभरात सुधारतात. फळ्यावरचं उतरवायची सवय तेवढ्यात जात नाही.

तर तुमच्या लेकीला धडा मोठ्याने वाचू दे. कोण काय आणि आत्ताच का बोलतो यावर घरी मराठीत, कोकणीत हवी तेवढी हुज्जत घालू दे, मग त्यातलं इंग्रजीत चार साध्या वाक्यांत उतरवू दे. निबंधात 'चवथ इज अ फेस्टिव्हल ऑफ जॉय' असली सुरुवात दिसली की खोडा. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीला, चिबूड बांधताना शिडी कुणी धरली आणि कशावरून वाजलं, ते लिहायला सांगा.

पत्र, नोटीस, रिपोर्ट यांचे साचे मात्र पाठच करायचे. शाळेतले सर नोट्सच मागत असतील तर घटक चाचणीत नोट्स लिहून मोकळं व्हावं. बोर्डाचा पेपर ते तपासत नाहीत. आणि वाक्य वाचतानाच ती अडखळत असेल तर ट्यूशन लावा, फक्त डिक्टेशन न देणारी बघा.

राहिली नणंद. माझा चुलतभाऊ आज इंग्रजी फाडफाड बोलतो. मध्यंतरी काकांची कुंपणाची भिंत शेजाऱ्याच्या खोदकामामुळे पडली, पंचायतीत तक्रार द्यायची होती. त्याने नेटवरून नमुना उतरवला, 'काइंडली डू द नीडफुल' सकट. त्यात भिंतच नव्हती. काकांनी तो कागद माझ्याकडे पाठवला. मी फोन करून विचारलं, "भिंत पडली कधी? खोदायच्या आधी की नंतर?"

"हे पण लिहायचं असतं?" काका म्हणाले.

अर्ज मी लिहून दिला. हे पत्र नणंदेला खुशाल वाचून दाखवा.