ब्लॉक आला, पण थांब जरा

अरे, वॉटर ब्लॉकचं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवणाऱ्या ठोकळ्याचं, पार्सल हातात पडलं म्हणून लगेच कार्डाचे स्क्रू काढायला बसू नकोस. आधी खोक्यावरचा मॉडेल नंबर तुझ्या ग्राफिक्स कार्डाशी ताडून बघ. चिप तीच असली तरी कंपनीगणिक बोर्ड वेगळा असू शकतो. एक कपॅसिटर आडवा आला की वॉटर ब्लॉक बसत नाही. मी ही चूक केलीय. परत पाठवण्यात तीन आठवडे गेले.

टेबलावर स्वच्छ पंचा अंथर, स्क्रूंच्या पुड्या एका वाटीत ठेव. खरी गंमत थर्मल पॅडची, म्हणजे उष्णता ब्लॉककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची. बरेचदा ते दोन जाडीचे असतात, १ आणि १.५ मिलिमीटर वगैरे, आणि हाताला सारखेच लागतात. मेमरीवर कुठला, व्हीआरएमवर (कार्डाचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागावर) कुठला, हे माहितीपत्रकातलं चित्र बघून पुडीवरच पेनाने लिहून टाक. जाड पॅड भलत्या जागी गेला तर मधली चिप प्लेटला नीट टेकत नाही आणि तापमान भसाभस चढतं. पॅडच्या दोन्ही बाजूंची फिल्म काढायची, ब्लॉकच्या तांब्याच्या प्लेटवर असेल तर तीही. हसू नकोस, भलेभले विसरतात.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे ब्लॉकचं पारदर्शक झाकण, उजेडात धरून केसाएवढी चीर शोध. ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, खाचेत बसलीय ना, तेही बघ. नळ्यांची फिटिंग हातानेच आवळ, पाना नको.

चिप पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल, पुण्यात तपकीर गल्लीत विचार. आणि लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरणाऱ्या नळ्यांमध्ये, सोसायटीच्या बोअरचं पाणी? अजिबात नाही, क्षार साचतात.