वय ३४, नांदेडला राहतो. छंद म्हणून लाठी किंवा गतका (शिखांची शस्त्रकला) आता शिकता येईल का? सामान काय घ्यावं?

येईल की! होला मोहल्ल्याला, म्हणजे शिखांच्या होळीच्या वेळच्या सणाला, हजूर साहिब गुरुद्वाराच्या परिसरात गतका पाहिलाच असेल, पण तलवारीवर लगेच जीव टाकू नका. आधी काठी. भरीव वेळूची, जवळ पेरांची, उभी धरली की कानापर्यंत येईल अशी. अधूनमधून करडईचं तेल चोळा, नाहीतर आपल्याकडच्या मे महिन्यात तडकते. मी सुरुवातीला घाईनं फिरवली, तर आठवडाभर भाकरी मोडवेना, इतकं मनगट धरलं. गतक्याला मुठीवर कवच असलेली काठी आणि फरी, म्हणजे छोटी ढाल, लागते. ती उस्तादांना विचारूनच घ्या. धारेची तलवार ऑनलाइन मागवू नका, शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि लागू आहे.