लहानपणी जीव की प्राण असलेला ॲनिमेशनपट आता फिका का वाटतो, आणि माझ्या भावाला तोच अजून भारी कसा वाटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी ज्याची पारायणं केली तो अद्भुतरम्य ॲनिमेशनपट तुम्ही दोघांनी इतक्या वर्षांनी परत लावला. तुम्हाला अर्ध्यातच जांभया यायला लागल्या आणि भावाने मात्र तो पुन्हा डोक्यावर घेतला. मग बिघडलंय काय? चित्रपट, तुमचं वय की भावाची आवड?

'ज्याची त्याची आवड' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. काही चित्रपट खरोखरच सुमार असतात आणि लहानपणी ते कळत नाही. तरीही एकाच घरात, एकाच पडद्यासमोर वाढलेल्या दोघांचं मत इतकं फाटतं तेव्हा मला वेगळाच संशय येतो. अद्भुतकथेतल्या जादूचा हिशेब लागला पाहिजे की नाही, यावर तुम्हा दोघांचं पहिल्यापासूनच जमत नसावं. लहानपणी ते उघडं पडलं नाही, इतकंच.

त्याकडे येतो. आधी एक कोरडी बाब: तुम्ही परत पाहिलात तो नक्की तोच चित्रपट होता का? थट्टा करत नाहीये. १९५९ चा 'स्लीपिंग ब्यूटी' अतिरुंद पडद्यासाठी काढलेला होता. आयव्हिंड अर्ल या चित्रकाराने त्याच्या पार्श्वभूमीला स्वतःचा ठसा दिला: सरळसोट उभी झाडं, जुन्या युरोपीय पडद्यांवर विणतात तशी पानापानाची नक्षी. जुन्या, जवळजवळ चौकोनी टीव्हीवर असे रुंद चित्रपट बसवताना दोन्ही बाजूंचं बरंचसं चित्र कापलं जायचं. ज्यांनी तो तसा पाहिला त्यांच्या वाट्याला फक्त गोष्ट आली, आणि गोष्ट, खरं सांगायचं तर, रटाळ आहे. मी आजही तो लावतो तो मागची झाडं बघायला.

उलटंही घडतं. १९५० च्या 'सिंड्रेला'ची २०१२ साली आलेली ब्लू-रे प्रत इतकी घासूनपुसून स्वच्छ केली होती की जुन्या फिल्मवर दिसणाऱ्या बारीक कणांबरोबर कपड्यांवरच्या बारीक रेषाही पुसल्या गेल्या. २०२३ च्या ४के प्रतीत त्या परत आल्या. आणि जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'नॉसिका'चं काय झालं बघा. १९८४ चा हा चित्रपट अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने आला तेव्हा त्यातली वीसेक मिनिटं सरळ उडवलेली होती. पुढे त्यांच्याच 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळी त्यांच्या जिब्ली स्टुडिओच्या निर्मात्याने अमेरिकी वितरकाला एक जपानी तलवार भेट दिली. सोबतचा निरोप होता, कात्री लावायची नाही. तेव्हा आठवणीतला चित्रपट आणि आत्ताचा चित्रपट यांत तफावत जाणवली तर सगळा दोष स्वतःच्या वयाला देऊ नका. डबिंग बदललं असेल तर विचारूच नका. ओळखीच्या नायकाच्या तोंडून परका आवाज आला की अर्धी जादू तिथेच उतरते.

आता वयाचं. मुलांना पडद्यावरच्या कशाची भीती वाटते यावर जोआन कँटर या अमेरिकी संशोधिकेने बरंच काम केलं आहे. त्यातला एक प्रयोग 'हल्क'च्या जुन्या टीव्ही मालिकेवरचा. अजून शाळेत जायला न लागलेली लहान मुलं सगळ्यात जास्त घाबरायची ती तो भला माणूस हिरवा राक्षस होतो तेव्हा. थोडी मोठी मुलं तेव्हा इतकी घाबरायची नाहीत, कारण आता हा संकटातल्यांना सोडवणार हे त्यांना कळलेलं असायचं. लहान मूल रूप बघतं. पुढे काय होणार हे बघायला थोडं वय लागतं.

१९८२ च्या 'द लास्ट युनिकॉर्न'वर हे मला चपखल लागू पडताना दिसतं. लहानपणी माझ्यासाठी तो चित्रपट म्हणजे त्यातला आगीचा लाल बैल. जगातले सगळे एकशिंगी घोडे हाकत हाकत समुद्रात लोटणारा. बाकी काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मोठेपणी पाहिला तेव्हा बैल आला आणि गेला. मी अडकलो ते मॉली नावाच्या बाईपाशी. ही मध्यमवयीन, लुटारूंच्या टोळीत भांडी घासत आयुष्य गेलेली बाई. एकशिंगी घोडी अखेर तिच्यासमोर उभी राहते तेव्हा ती हरखून जात नाही, चिडते. मी कोवळी होते तेव्हा कुठे होतीस, आता मी अशी झाल्यावर का आलीस, असा तिचा सूर. सगळं मिळून मिनिटभराचा प्रसंग. लहानपणी तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला असणारच, पण त्याची एक रेघही मागे उरली नव्हती. (गाणी मात्र तेव्हाही नकोशी होती आणि आताही मी ती पुढे ढकलतो. हा चित्रपट प्रत्यक्ष काढला तो टॉपक्राफ्ट या जपानी स्टुडिओने. पुढे तिथलीच काही मंडळी जिब्लीत गेली, आणि त्या धुकट रानांकडे पाहिलं की ते खरंही वाटतं.)

म्हणजे काही चित्रपटांत मुलाला दिसलं नाही असं काहीतरी मोठ्यांसाठी शिल्लक असतं. काहींत फक्त बैल असतो. डिस्नेचा १९८५ चा 'द ब्लॅक कॉल्ड्रन' घ्या. शिंगवाला राजा, कढईतल्या धुरातून उठणारं सांगाड्यांचं सैन्य: ज्याने लहान वयात पाहिलं तो विसरणार नाही. ते प्रसंग इतके भयंकर होते की प्रदर्शनाआधी स्टुडिओच्या नव्या प्रमुखाने, जेफ्री कॅट्झनबर्गने, त्यांना कात्री लावायला लावली. चित्रपट पडला; त्याच वर्षीच्या, गुबगुबीत अस्वलांच्या 'केअर बेअर्स'ने अमेरिकेत त्याच्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. आज पाहिला तर सांगाडे अजूनही जबरदस्त आहेत, पण नायकाला करण्यासारखं काही नाही आणि राजकन्या कशाला आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. तुमचा चित्रपट या जातीचा असेल तर बिनदिक्कत कंटाळा. तेवढे दोन प्रसंग पाहून बंद केला तरी चालतो.

पण मग भावाला का आवडला? इथे मी माझ्या ताईचं आणि माझं एक कायमचं भांडण सांगतो. ते आहे 'द सीक्रेट ऑफ निम' या चित्रपटावरून, तोही १९८२ चाच. डॉन ब्लूथ हा ॲनिमेटर आणि त्याचे काही सहकारी १९७९ मध्ये डिस्ने सोडून बाहेर पडले. जुनं, खर्चिक हातकाम तिथे मागे पडत चाललंय अशी त्यांची तक्रार होती. ते परत आणून दाखवायला त्यांनी हा चित्रपट केला, आणि ते दिसतं: घुबडाच्या ढोलीतला उजेड, जाळी, धूळ, सगळं हाताने काढलेलं.

गोष्ट एका विधवा उंदरीणबाईची. मुलगा न्यूमोनियाने आजारी, त्याला थंडीत बाहेर काढता येत नाही, आणि शेतकऱ्याचा नांगर घरावर येणार. त्यामुळे घरच्या घर उचलून हलवायचं. मदतीला आहेत प्रयोगशाळेतल्या इंजेक्शनांनी हुशार झालेले घुशींसारखे मोठे उंदीर. त्यांना वाचता येतं, त्यांनी वीज ओढून आणली आहे, दोरखंड आणि कप्प्या लावून घर उचलायचा बेत आखला आहे. इथवर सगळं हिशेबात. मग घात होतो, दोर तुटतात, घर मुलांसकट चिखलात बुडायला लागतं आणि आईच्या गळ्यातला लाल खडा पेटून ते घर वर उचलतो.

ताईचं म्हणणं असं: "लॉकेटनेच घर उचलायचं होतं तर उंदरांना एवढं शिकवलंत कशाला?" तिच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. रॉबर्ट ओब्रायन यांच्या ज्या १९७१ च्या कादंबरीवरून हा चित्रपट काढला, तिच्यात हा खडा मुळातच नाही. उंदीर आपल्या अकलेने घर हलवतात. ब्लूथने जादू वरून घातली. कथेच्या बांधणीपुरतं बोलायचं तर ताईचं बरोबर आहे, आणि ते मी तिच्या तोंडावर कबूल करतो.

तरी मला तो प्रसंग हवा असतो. त्या क्षणाला बाईने सगळं करून झालेलं आहे. घुबडासमोर उभी राहिली, मांजराच्या ताटलीत गुंगीचं औषध घालून आली, पिंजऱ्यात अडकून सुटली. आता चिखलात हात घालून ओढण्यापलीकडे तिच्याकडे काही नाही. खडा पेटतो तेव्हा तिचे हात भाजतात आणि नंतरच्या दृश्यात त्यांना पट्ट्या बांधलेल्या दिसतात. ती जादू फुकटात मिळालेली नाही, मला तेवढा हिशेब पुरतो. ताईला पुरत नाही. आमचं वय वाढलं, हे भांडण जिथल्या तिथे.

एकदा ही रेघ दिसली की बाकीच्या आवडीनिवडी तिच्या अल्याडपल्याड पडताना दिसतात. ताईची लाडकी मालिका म्हणजे 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'. त्यात पाणी, माती, आग, वारा वळवण्याची प्रत्येक विद्या एकेका चिनी युद्धकलेवर बेतलेली आहे. कोण काय करू शकतो, काय नाही, हे ठरलेलं आहे आणि नायकाला ते शिकावं लागतं. मला मालिका आवडते, पण तिच्यासारखा जीव टाकून नाही. मी जीव टाकतो तो मियाझाकींच्या १९८८ च्या 'माय नेबर टोटोरो'वर. पावसात बसच्या थांब्यावर दोन मुली आणि एक अवाढव्य प्राणी उभे. त्याच्या डोक्यावर एक पान. मोठी बहीण त्याला छत्री देते, छत्रीवर थेंब टपटपतात, त्याला तो आवाज आवडतो. हा कोण, कुठून आला, बाकीच्यांना का दिसत नाही, काही सांगत नाहीत. ताई म्हणते, "यात घडलं काय?" नियमांची गोडी असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. रॉजर एबर्ट या समीक्षकाने मियाझाकींना त्यांच्या चित्रपटांतल्या अशा निवांत जागांबद्दल विचारलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि सांगितलं की दोन टाळ्यांच्या मधला वेळ महत्त्वाचा. श्वास घ्यायला जागाच न ठेवता नुसतं घडत राहिलं तर ती गडबड होते. हे ताईला सांगून पाहिलंय. उपयोग शून्य.

हालचालीवरूनही लोक फुटतात, पण ते डोळ्याच्या सवयीचं प्रकरण आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात. प्रत्येक चित्र दोन चौकटी धरलं तर १२ चित्रं लागतात, तीन चौकटी धरलं तर ८. १९६३ च्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून जपानी टीव्हीवर ही काटकसर रुळली. तिच्यावर वाढलेल्याला डिस्नेची लवलवती माणसं रबरी वाटतात, आणि डिस्नेवर वाढलेल्याला जपानी चित्रं थिजलेली. याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे खऱ्या नटांचं चित्रण करून त्यावरून रेषा गिरवणं. राल्फ बाक्शीने १९७८ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' असा काढला. तो पाहून एक तर अंगावर शहारे येतात किंवा हसू. अधलामधला प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. (आणि तो गोष्टीच्या अर्ध्यावरच संपतो. दुसरा भाग झालाच नाही.)

तुमच्यापुरतं सांगायचं तर तोच चित्रपट तिसऱ्यांदा लावून भावाला पटवू नका. त्याच्याकडे तुमच्याहून जास्त आठवणी आहेत किंवा कमी अपेक्षा आहेत, दोन्हीवर उपाय नाही. त्यापेक्षा तुम्ही दोघांनीही न पाहिलेला एखादा घ्या. 'निम' पाहिला नसेल तर तोच घ्या, मी शेवट फोडला असला तरी. भावाला हे उत्तर वाचू देऊ नका. घर चिखलात बुडायला लागलं की थांबवा आणि त्याला विचारा, आता हे कसं वाचावं असं तुला वाटतं. तो दोर, तराफा, फळ्या यांवर बोलायला लागला तर तो ताईच्या पंगतीतला. 'वाचेल रे, लाव पुढे' म्हणाला तर माझ्या.

तुमच्या चित्रपटाचं नाव मात्र तुम्ही प्रश्नात दिलेलं नाही. ते कळवलंत, आणि कोणत्या भाषेत, कोणत्या प्रतीत पाहिलात तेही, तर त्यातलं काही कापलेलं होतं का एवढं तरी बघून सांगू शकेन.