मोगऱ्याची कुंडी : दोन इंच पुरे

प्रश्न : गच्चीवर १० इंची कुंडीत चार वर्षांचा मोगरा आहे. गेल्या उन्हाळ्यात फुलं निम्म्यावर आली. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून निघून जातं आणि दुपारी झाड मान टाकतं. शेणखत घालून पाहिलं, फरक नाही. आता थेट १८ इंची टबात लावू का?

उत्तर : ताई, दोष खताचा नाही. कुंडीत आता माती कमी आणि मुळंच जास्त उरली आहेत. पाणी त्या जाळ्याच्या कडेने सरळ खाली पळतं, मधला गड्डा कोरडाच राहतो. कुंडी बदलायलाच हवी, पण १८ इंची टब नको. लहान झाडाभोवती एवढी माती असली की मुळं पोचत नाहीत तिथला ओलावा हटत नाही आणि पावसाळ्यात मूळकूज लागते. नोकरीच्या सुरुवातीला मी हौसेने असाच एक मोगरा मोठ्या पिंपात लावला होता. श्रावण संपायच्या आत तो उपटून टाकावा लागला. तुम्ही १२ इंची कुंडी घ्या, दोन वर्षांनी १४ इंची.

वेळ साधा जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी आणि कुंडी बदलणं एकदमच उरकावं. फांद्या निम्म्यापर्यंत छाटा, वाळक्या फांद्या बुडापासून काढा, उरलेली पानंही खुडून टाका. मुळं कापल्यावर झाडाला वरचा भार तेवढाच कमी बरा.

आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून कडेला थापट्या मारा आणि बुंधा धरून गड्डा बाहेर ओढा. अडला तर कडेने जुनी सुरी फिरवा. तळाशी मुळांची चुंबळ झालेली दिसेल. ती तशीच नव्या मातीत ठेवली तर मुळं पुन्हा गोलच फिरतात, बाहेर पडत नाहीत. म्हणून तळाचा इंचभर थर धारदार सुरीने सरळ कापा आणि कडेला तीन-चार उभ्या चिरा द्या. हात कचरतो, पण मोगरा चिवट आहे. काळी पडलेली, बोटांनी दाबली की सालपट सुटणारी मुळं कुजलेली समजा आणि काढून टाका. मधला गड्डा मात्र फोडू नका.

माती : दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, अर्धा भाग जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेतातली काळी माती कुंडीत वापरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. तळाला खडी भरायची पद्धत जुनी आहे, पण तिने निचरा सुधारत नाही, मातीची जागा तेवढी जाते. भोकावर एक खापरी पालथी घाला, बस.

झाड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. वर दीड इंच जागा मोकळी सोडा आणि खालून निथळेपर्यंत पाणी द्या. आठ-दहा दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात. बहरासाठी रोज पाच-सहा तास ऊन लागतंच. महिनाभर खत अजिबात नको. पाणी बोट मातीत खुपसून पाहून द्या, घड्याळ बघून नव्हे.

शेतात मोगरा लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं : पिशवीतल्या रोपाच्या तळाची गुंडाळलेली मुळं कापूनच रोप खड्ड्यात लावा.

प्रश्न : माझ्या मोगऱ्याची कुंडी तडकली आहे, पण झाड कळ्यांनी भरलंय. आताच बदलू का?

उत्तर : नको, कळ्या गळतील. कुंडीला बाहेरून तार आवळून बांधा आणि बहर संपू द्या. पहिले एक-दोन पाऊस झाले की गड्ड्याला धक्का न लावता नव्या कुंडीत ठेवा. मुळांची कापाकापी मात्र जानेवारीतच.